विश्रांतीतला श्वसन गुणांक आणि भात-भाकरी

प्रश्न : माझे वय ३४ असून मी अर्धमॅरेथॉन धावतो. अलीकडे स्वस्थ पडून केलेल्या श्वसनचाचणीत माझा श्वसन गुणांक ०.८८ आला. ‘तुमचे शरीर मेद कमी जाळते, भात-भाकरी सोडा,’ असे प्रशिक्षकांनी सांगितले. हा सल्ला मानावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्या एका आकड्यावरून भात-भाकरी मुळीच सोडू नका. श्वसन गुणांक म्हणजे बाहेर टाकलेल्या कार्बन डायऑक्साइडचे वापरलेल्या प्राणवायूशी असलेले प्रमाण. ग्लुकोज जळताना दोन्ही वायूंचे आकारमान सारखे राहते, म्हणून गुणांक १ येतो. मेदाच्या रेणूत मुळात प्राणवायू फार थोडा असल्याने तो बाहेरून अधिक घ्यावा लागतो आणि गुणांक ०.७ च्या आसपास उतरतो. रात्रभराच्या उपवासानंतर बहुतेकांचा गुणांक ०.८ च्या आगेमागे असतो. तेव्हा सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा मेदातून मिळत असते.

खेळाडूंमध्ये मात्र हा आकडा विलक्षण बदलतो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कसलेल्या सायकलपटूंचे विश्रांतीतील गुणांक सुमारे ०.७२ पासून ०.९३ पर्यंत पसरलेले आढळले, आणि स्नायूंतील ग्लायकोजेनचा (म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा) साठा, सरावाचे प्रमाण, रक्तातील मेदाम्ले व आहारातील मेद यांच्याशी त्या फरकाचा संबंध दिसला. आदल्या रात्री भरपूर भात खाऊन, सराव न करता झोपलेल्या धावपटूचे साठे भरलेले असतात, म्हणून त्याचे शरीर सकाळी कर्बोदके मोकळेपणाने वापरते. उलट, दीर्घ पल्ल्याच्या धावण्यानंतर साठा रिता झाला की स्नायू ग्लुकोज साठवून ठेवू लागतात आणि विश्रांतीतला खर्च मेदावर ढकलला जातो. म्हणजे हा आकडा आपल्या गेल्या एकदोन दिवसांचा हिशेब सांगतो, शरीराची कायमची कुवत नव्हे.

आता प्रत्यक्ष फरक पाहा. ६० किलो वजनाचा माणूस स्वस्थ पडला असता तासाला साधारण ६० किलोकॅलरी खर्च होतात. गुणांक ०.८ असेल तर त्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास मेद जळतो, ०.८८ असेल तर अडीच. हा फरकही पुढच्या जेवणाबरोबर बदलत जातो, आणि अंगावरची चरबी शेवटी कित्येक आठवड्यांच्या एकूण आहार व खर्चावर ठरते. कर्बोदके तोडल्यास गुणांक खाली येईल हे खरे, पण वेगाने धावताना लागणारे ग्लायकोजेनही त्याबरोबर घटेल, आणि अर्धमॅरेथॉनच्या धावपटूला तेच महागात पडते.

चाचणी पुन्हा करावीशी वाटल्यास आदल्या दिवशी कठोर व्यायाम टाळा, दहा-बारा तास उपाशी राहा, चहा-कॉफी घेऊ नका आणि मोजणीआधी अर्धा तास शांत पडून राहा. मुखवट्याच्या दडपणाने श्वास जलद झाला तरीही गुणांक खोटा वाढतो. धावताना मेद किती वापरला जातो हे जाणून घ्यायचे असेल, तर टप्प्याटप्प्याने वेग वाढवत ट्रेडमिलवर केलेली चाचणी विश्रांतीतल्या चाचणीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.