तारांच्या आडून

बारावीतली मुलगी आणि तिची आई. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लेकीला खालच्या ओठाखाली टोचून घ्यायचं होतं. आईचं पालुपद एकच, "मॅडम, दातांना तारा असताना ओठ टोचतात का कुणी? तुम्हीच सांगा हिला."

हा प्रश्न खरं तर डेंटिस्टचा. पण विचारला कुणीच नव्हता. आईला 'चालेल' ऐकायची धास्ती, लेकीला 'नाही'ची. मी दोघींना आधी तिकडे पिटाळलं.

उत्तर घेऊन आल्या. ओठ नकोच. टोचल्यावर तो सुजतो, दागिन्याची आतली चकती ब्रॅकेटवर, म्हणजे दाताला चिकटवलेल्या तार धरणाऱ्या तुकड्यावर घासते, तारेत अडकते, कधी ब्रॅकेटच निखळतो. सतत घासून हिरडी दातावरून उतरली, तर आपोआप पुन्हा चढत नाही. नाक मात्र चालेल, त्याचा तारांशी संबंध नाही. फक्त ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एक्स-रे आधी उरकायचा, कारण तेव्हा चमकी काढावी लागते आणि ताजं भोक लगेच बुजायला लागतं. नाकपुडी नीट भरून यायला काही महिने जातात. स्वस्तातल्या चमकीतलं निकेल काहींना बाधतं, तारांमध्येही निकेल असतं. म्हणून चमकी टायटॅनियमची.

झालं की मग! पण मुलगी गप्पच. हसू आलं की हात तोंडावर. तारांवरची रबरं गडद जांभळी होती. म्हटलं, रंग छान आहे.

"तो दर वेळी मी निवडते. बाकी माझ्या तोंडाचं काय करायचं ते आई आणि डॉक्टर ठरवतात."

मी आईला स्पष्टच म्हटलं, तारांच्या आडून बोलू नका, तुमचं कारण सांगा. बाई बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत होत्या. मग स्वतःच्या चमकीला बोट लावून म्हणाल्या, "हे लग्न ठरल्यावर सासूबाईंनी टोचायला लावलं. पंधरा दिवस ठणकत होतं. मला कुठे कुणी विचारलं? आणि ही हौसेने टोचून घेतेय."

लेकीने पहिल्यांदाच मान वळवून आईच्या नाकाकडे पाहिलं. "तू कधी बोलली नाहीस."

ओठाचं तारा निघेपर्यंत बाजूला पडलं. नाकाचं ठरलं. आईला जांभळी नाक्याजवळचा घरचा सोनार हवा, लेकीला हातमोजे घालून निर्जंतुक सुईने टोचणारं कुणी. जिना उतरेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. यात मी लेकीच्या बाजूची, पण मला कुणी विचारलं नाही.