‘किती येतील याचे?’

प्रश्न : मुलगी बी.एफ.ए. पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार महिने ब्रशला हात लावलेला नाही, दिवसा झोपते, जेवणावर वासना नाही. थेरपिस्टकडे जायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, कलाकार असेच असतात. उपचारांनी तिची कलाच गेली तर? पुढे कोणता कोर्स करावा?
– एक पालक, सांगली

नमस्कार. तुमच्या दोन पानी पत्रातलं दीड पान मार्कांचं आणि स्पर्धा परीक्षांचं आहे. मी अडकले ती मधल्या एका ओळीवर. दिवाळीत मुलीनं स्केचबुक पुढे केलं आणि तुम्ही विचारलंत, ‘किती येतील याचे?’ त्यानंतर तिनं काही दाखवलेलं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय.

तिचं सगळं दुखणं या प्रश्नामुळे आलं, असं मी म्हणत नाही. घराचे हप्ते भरणाऱ्या बापाच्या तोंडून असं निघतं. पण ‘मी तिला रोज समजावतो’ हे वाचून मला धसका बसला. कृपा करून समजावणं थांबवा. ‘हे काढताना डोक्यात काय होतं?’ एवढं विचारा आणि ऐका. ती गप्प बसली तर तुम्हीही बसा, लगेच मावसभावाचं पॅकेज काढू नका. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं धाकट्या भावाला, थिओला लिहिलेली सहाशेहून जास्त पत्रं आज वाचायला मिळतात. थिओ पॅरिसमध्ये चित्रांचाच व्यापार करायचा, म्हणजे भाव त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळत होता. तरी चित्रं विकली जात नसताना तो भावाला पैसे पाठवत राहिला, त्याचं ऐकत राहिला.

असा भाऊ असूनही व्हिन्सेंटला मनाच्या आजारासाठी इस्पितळात राहावं लागलंच. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं ऐकलंत तरी थेरपिस्टचं काम तुमच्याकडून होणार नाही.

आता ‘कला गेली तर’. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही ठाण मांडून आहे. वेदनेतूनच कला येते म्हणणाऱ्यांना सांगा, आजाराचा मोठा झटका आला की व्हिन्सेंटचं काम आठवडेच्या आठवडे बंद पडायचं. रशियन संगीतकार रॅचमॅनिनॉव्हची पहिली सिम्फनी 1897 मध्ये सपशेल पडली आणि पुढची जवळपास तीन वर्षं त्याच्या हातून फारसं काही लिहून झालं नाही. 1900 मध्ये तो डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे जाऊ लागला. संमोहन आणि गप्पा, असे ते उपचार होते. त्यानंतर त्यानं लिहिलेला दुसरा पियानो कॉन्चेर्टो आज जगभर वाजतो, आणि तो अर्पण केलाय डॉ. दाल यांनाच. तुमच्या मुलीची कला आत्ताच बंद आहे. उपचारांनी आणखी काय जाणार?

आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, तिथे खर्च फार नाही. खासगीत जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारून घ्या. ‘लाइफ कोच’ नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात. जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.

‘ती आत काय बोलली ते मला कळेल का?’ असंही विचारलंयत. नाही. ती वीस वर्षांची आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिला गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिवाला धोका वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले डॉक्टर?’ हेसुद्धा विचारू नका. चहा घ्यायचा का, ते विचारा.

कोर्सचं म्हणाल तर एम.एफ.ए. आहे, डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीड ही परीक्षा आहे, स्पर्धा परीक्षा तर कोणत्याही पदवीवर देता येतात. यातला एकही फॉर्म यंदा भरू नका. वर्षभरानं तिला वाटलं तर तिनं मला लिहावं, तुम्ही नको.