घराचा सांगाडा उभा आहे. प्लास्टरआधी ऊर्जाबचतीच्या दृष्टीने काय बघून घ्यावं?

खिडक्या यायच्या आहेत आणि प्लास्टरवाला रोज ‘कधी सुरू करू’ म्हणून विचारतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला थोडं थांबवा. मी थांबवलं नव्हतं.

आधी घराच्या उभ्या छेदाचा नकाशा घ्या आणि लाल पेनाने उष्णतारोधक थरावरून रेघ ओढा. पाया, भिंत, छत, दुसरी भिंत, परत पाया. जिथे पेन उचलावं लागेल तिथून उष्णता ये-जा करणार. बहुतेकांचं पेन बाल्कनीपाशी नाहीतर छज्ज्यापाशी उचललं जातं, कारण तिथे स्लॅब सरळ बाहेर गेलेला असतो आणि थर्माकोलच्या मानाने काँक्रीटमधून उष्णता साधारण 40 ते 50 पट सहज वाहते. स्लॅब आता तोडता येत नाही, पण त्याला वरून-खालून थर लपेटता येतो.

खिडकीची चौकट त्याच लाल रेघेवर यायला हवी, आणि थर चौकटीवर दोन-तीन सेंटिमीटर चढवून घ्यावा. भोवतीच्या फटीत फोम मारला की झालं, असं बसवणारा सांगेल. फोम उष्णता अडवतो. हवा अडवायला त्याच्या भरवशावर राहू नका, आतून टेप लावूनच घ्या. ऊन मात्र काचेच्या बाहेरच अडवायचं, आतल्या पडद्यापर्यंत पोचेतो ते घरात शिरलेलंच असतं.

आता माझी चूक. विटा-ब्लॉकच्या घरात हवा अडवतं ते आतलं प्लास्टर. नुसती भिंत गळकी असते. गवंडी ‘इथे दिसणार नाही’ म्हणून फॉल्स सीलिंगच्या वर, जिन्यामागे, कपाटामागे हात फिरवतच नाही. माझ्याकडे सीलिंग लागलं, दिवे बसले, आणि एका वाऱ्याच्या दिवशी दिव्याच्या भोकाखाली उदबत्ती धरली तर धूर आडवा. एक तुकडा कापून वर टॉर्च मारला: हातभर पट्टी उघडे ब्लॉक, वायरच्या पाइपांभोवती बोट जाईल एवढ्या फटी. निम्मं सीलिंग उतरवलं.

म्हणून क्रम असा ठेवा: खिडक्या, मग सगळे पाइप आणि स्विचचे डबे (डबे ओल्या मसाल्यात दाबून बसवायचे), मग स्लॅबपासून फरशीपर्यंत पूर्ण प्लास्टर, आणि सीलिंग-कपाटांच्या आधी ब्लोअर डोअर चाचणी. दारात पंखा बसवून आत-बाहेर 50 पास्कलचा फरक पाडतात आणि किती हवा गळते ते मोजतात. पॅसिव्ह हाउसच्या (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या) मानकात ही गळती तासाला घरातल्या हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त चालत नाही. तुम्हाला तेवढं गाठायचं नसेल तरी चाचणी करा, कारण त्या दिवशी प्रत्येक फट हाताला लागते. घर इतकं घट्ट करणार असाल तर ताज्या हवेच्या नळ्यांची भोकं आत्ताच ठरवा.

आणि भिंतीवर एक कागद चिकटवा: भोक कुणी पाडलं, कुठे, बुजवलं का. प्लंबरला सुरुवातीला राग येतो. चाचणीच्या दिवशी मी आमच्या प्लंबरला त्याच्याच पाइपाजवळ हात धरायला लावला. काही बोलला नाही, खाली जाऊन मसाला कालवून आणला.