सिस्टरांचं कॉलेज आणि पुण्याचा मामेभाऊ

ताई, मी शहादा तालुक्यातल्या खेड्यातली. मिशनच्या छोट्या कॉलेजात एस.वाय. बीएस्सीला आहे, केमिस्ट्री घेऊन. वर्गात आम्ही अकरा जण. रोज सकाळी प्रार्थना असते, मी हात जोडून उभी राहते. घरी गणपती बसतो, म्हणून मनाला बोचतं. लॅबमधलं यूव्हीचं मशीन, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं, बंद आहे. पुण्याचा मामेभाऊ हसतो, ‘प्रार्थना करून कुणी केमिस्ट होतं का? इकडे ये.’ आबा म्हणतात, ‘तुले जे समजस ते कर.’ पण ते कर्ज काढतील, हे मला ठाऊक आहे. टी.वाय.ला कॉलेज बदलू का?
— स.

स., प्रार्थनेची तक्रार वेगळी आणि मशीनची वेगळी. मामेभावानं दोन्हींची एकच मोट बांधली आणि तू ती मुकाट्यानं डोक्यावर घेतलीस.

प्रार्थनेचं लवकर आटोपतं. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. अल्पवयीन असेल तर संमती पालकांची, तू सज्ञान असशील तर तुझी. खरंच बोचत असेल तर सिस्टरांना सरळ सांग, ‘त्या वेळात मी लायब्ररीत बसते.’ कलम पहिल्याच दिवशी काढू नकोस, बहुतेक लागणारही नाही. आणि मामेभाऊ हसला म्हणूनच बोचायला लागलं असेल, तर खुशाल उभी राहा. तुमचा गणपती इतका हलक्या कानाचा नसावा.

आता केमिस्ट्री. कॉलेज जळगावच्या विद्यापीठाशी संलग्न असेल, तर पदवी विद्यापीठाचीच मिळते, मिशनची नाही. १९९० साली हे विद्यापीठ झालं, त्याआधी खान्देशातली पोरं पुणे विद्यापीठाचीच पदवी घेत होती. हे मामेभावालाही ऐकव.

अकरा जणांच्या वर्गाची किंमत तुला कळलेली दिसत नाही. मोठ्या बॅचमध्ये अनेकदा रीडिंग एकाचं असतं आणि जर्नलं वीस भरतात. तुझ्या वाट्याला ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडणारी मोजनळी, रोज येतो. डाव्या हातानं नळ किंचित उघडा, उजव्या हातात फ्लास्क फिरतोय, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग येतो आणि विरतो, पुन्हा येतो, मग टिकतो. तिथंच थांबायचं. एक थेंब जास्त पडून गडद झालं की गेलं रीडिंग. हे चार-सहा रीडिंगं स्वतः बिघडवल्याशिवाय हातात बसत नाही. तुझ्या दारावरून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता जातो. अंकलेश्वरच्या केमिकल कंपन्यांची क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणारी, लॅब असो नाहीतर साखर कारखान्यात रसातली साखर मोजायला ब्रिक्स आणि पोल काढणं असो, आधी हात बघतात.

पण नोकरीच्या त्याच मुलाखतीत यूव्ही, आयआर, एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रांबद्दलही विचारतात आणि तिथं ‘पुस्तकात वाचलंय’ एवढ्यावर भागत नाही. ही उणीव खरी आहे, ती मी झाकणार नाही. आधी बघ, मशीनचं नक्की काय बंद आहे. नेहमीच्या यूव्ही-व्हिजिबल मशीनमध्ये दोन दिवे असतात, अतिनील भागाला ड्युटेरियमचा आणि दृश्य प्रकाशाला टंगस्टनचा. नुसता ड्युटेरियमचा गेला असेल, तर दृश्य भाग बऱ्याचदा चालतो. तसं असेल तर परमँगनेटचं द्रावण घेऊन ५२५ नॅनोमीटरच्या आसपास बीअर-लँबर्टचा आलेख, म्हणजे द्रावण जितकं तीव्र तितका प्रकाश जास्त शोषला जातो हे दाखवणारा, आजही काढता येईल. सिस्टरांना विचार. कदाचित कुणी विचारलंच नसेल म्हणून ते मशीन कपड्याखाली पडून असेल.

मग कॉलेजचं पत्र घेऊन जळगावला विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात जा आणि सुट्टीत आठ-दहा दिवस मशीनजवळ उभं राहू देतील का, ते विचार. एकटी नको, वर्गातल्या दोघी-तिघींना घेऊन जा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, तिथंही अर्ज कर.

माझं मत सांगते. टी.वाय. तिथंच कर. मधेच विद्यापीठ बदललं की मायग्रेशनचा दाखला आला, झालेल्या विषयांची समतुल्यता आली, आणि त्यात अर्धं सेमिस्टर जातं. जायचंच तर एम.एस्सी.ला जा. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर ‘जॅम’ द्यावी लागते. तीन तासांची परीक्षा, १०० गुणांचा पेपर, फेब्रुवारीत. अर्ज आदल्या पावसाळ्याच्या शेवटी निघतात, म्हणजे टी.वाय. सुरू झाल्या झाल्या तयारीला लागायचं. मात्र टी.वाय.च्या एखाद्या विषयाला शिकवायला माणूसच नसेल, तर माझं ऐकू नकोस, बदल. त्यासाठी विभागप्रमुखांकडून पुढच्या वर्षी कोण काय शिकवणार ते आत्ताच विचारून घे.

आबांशी मोघम बोलू नकोस. ‘राहते इथंच’ म्हणालीस तर पोरगी आपल्यासाठी मन मारते, असं ते धरून चालतील आणि गुपचूप कर्जाची चौकशी करून येतील. एम.एस्सी.ची फी, होस्टेल, मेस यांचा आकडा कागदावर मांड आणि त्यांच्या हातात दे. कापूस विकायच्या आधी दे.