ग्राइंडर परवडेल, पण कॉफीचं काय?

गुहागरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. लांबलचक आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. वय ३६. पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करतात. घरात पत्नी आणि ६८ वर्षांची आई. हातात येणारा पगार ७८,०००. घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता १४,५००, एसआयपी १२,०००, घरखर्च सुमारे ३४,०००. बचत खात्यात ९०,०००. शिवाय हापूसची कलमं. गेल्या दिवाळीत त्यांनी एस्प्रेसो मशीन घेतलं, पण दळून आलेल्या पावडरीची कॉफी मनासारखी होत नाही. आता कॉफीच्या बिया घरीच दळायचा ४६,००० रुपयांचा इलेक्ट्रिक ग्राइंडर ‘नो कॉस्ट ईएमआय’वर १२ महिन्यांत घ्यायचा विचार आहे. ‘आंब्याच्या पैशातून सहज फिटेल. कॅफेत २२० रुपयांचा कप मिळतो, दिवसाला दोन कप धरले तर साडेतीन महिन्यांत ग्राइंडर वसूल. घेऊ ना?’ आणि खाली, बहुधा नाइलाजाने: ‘पत्नीचं म्हणणं, घरात मिक्सर आहे.’

आधी तुमच्या हिशेबाकडे येतो. २२० गुणिले दोन, रोजचे ४४०, आणि ४६,००० भागिले ४४० म्हणजे १०४ दिवस. गणित चोख आहे. पण पत्रात तुम्हीच लिहिलंय की २२०चा कप पुण्याचा, आणि पुण्याला तुम्ही दोन महिन्यांतून एकदा जाता. जो खर्च तुम्ही करतच नाही, तो वाचणार कुठून? हे म्हणजे मी रोज विमानाने चिपळूण-मुंबई करत नाही म्हणून वर्षाला माझे काही लाख वाचतात, असं म्हणण्यासारखं झालं.

आज तुमचा खरा खर्च काय? २५० ग्रॅमचं पाकीट ६०० रुपयांना, दिवसाला एक कप, कपाला १८ ग्रॅम. पाकीट १३-१४ दिवस पुरतं. म्हणजे कप ४३ रुपयांना पडतो आणि महिन्याला साधारण १,३०० रुपये जातात. वायाही काही जात नाही, कारण वास उडालेली शेवटची पावडर आई दुधात साखर घालून संपवतात, हेही तुम्हीच लिहिलंय. ग्राइंडर आल्यावर बियांचा भाव तोच राहणार. मग वाचलं काय? काहीच नाही. उलट कॉफी चांगली व्हायला लागली की एकाचे दोन कप होतील, तुम्ही ‘दिवसाला दोन’ धरलेतच. म्हणजे महिन्याचे १,३०० होतील २,६००, वर्षाला साडेपंधरा हजार जास्तीचे. शिवाय नवीन बिया आल्या की दळण जुळेपर्यंत दोन-तीन कप मोरीत जातात. पाकीट २५० ग्रॅमचं असेल तर त्यातले ४०-५० ग्रॅम तिथेच गेले. तुम्ही दाव्याच्या किमतीवर घासाघीस करताय आणि गोठ्यात म्हैस येणार आहे, तिच्या चाऱ्याचा हिशेब पत्रात कुठेच नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं एवढंच की याला बचत म्हणू नका. हौस म्हणा. हौसेला माझी काही हरकत नाही. मी स्वतः चहावाला माणूस, पण घरात मुलीमुळे हे प्रकरण शिरलंय आणि त्याचं कौतुक मला समजतं.

आता, ग्राइंडरच का हवा? याबाबतीत तुमचं बरोबर आहे आणि मशीनवर आणखी पैसे न घालता ग्राइंडरकडे वळलात हेही बरोबर. एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबाचं गरम पाणी कॉफीच्या घट्ट थरातून ढकललं जातं. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅमच्या आसपास पेय २५ ते ३० सेकंदांत उतरलं पाहिजे, असा ढोबळ ठोकताळा आहे. पाण्याला अडवणारं तिथे दुसरं काही नसतं, दळणाचा बारीकपणाच काय तो अडवतो. तुम्ही लिहिलंय की मशीनच्या कॉफी भरायच्या साध्या जाळीत तयार पावडर घातली तर आठ सेकंदांत सगळं भसाभस खाली येतं, आंबट आणि पाणचट. दुहेरी तळाच्या जाळीत फेस येतो, पण चव नाही. बरोबरच आहे, त्या जाळीत दाब एका बारीक भोकाने तयार होतो, त्यात दळणाचं कर्तृत्व नसतं.

मिक्सरचं काय होतं? पातं बिया दळत नाही, तोडतं. निम्मा रवा होतो आणि निम्मं पीठ. पाणी हुशार, ते रव्यातून वाट काढतं आणि पिठाला हात लावत नाही. ग्राइंडर म्हणजे जातं. दोन दातेरी चकत्या आणि त्यांच्यातली फट. एस्प्रेसोला बारीक रव्याहून बारीक पण मोदकाच्या पिठीएवढं मऊ नाही, असं दळण लागतं. त्यातही आज २२ सेकंद लागले तर केसभर बारीक करायचं, उद्या हवा दमट झाली तर पुन्हा हलवायचं. त्यामुळे फट किती लहान पायरीने बदलता येते, यावर सगळा खेळ आहे. पत्रात तुम्ही तीन ग्राइंडरांची यादी दिलीय. तिच्यात तिसरा, ८,००० चा इलेक्ट्रिक आहे, तो मी इथेच खोडतो. त्या किमतीच्या बहुतेक यंत्रांत पायऱ्या मोठ्या असतात. एका खाचेवर १५ सेकंद, पुढच्या खाचेवर ४५, मधलं काही नाही. फिल्टर कॉफीला ठीक, एस्प्रेसोला तो चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होईल, कारण सहा महिन्यांनी दुसरा घ्याल.

उरले दोन: ४६,००० चा इलेक्ट्रिक आणि १७,००० चा हाताने फिरवायचा. तुम्ही हाताच्या यंत्राचा उल्लेख एका ओळीत, जरा नाक मुरडून केलाय. ते नाक सरळ करा. या किमतीच्या चांगल्या हातयंत्रांत वरची कडी एक टिक फिरवली की फट १६ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बदलते, काहींत ८ मायक्रॉननेच. एस्प्रेसोला एवढं भरपूर झालं. १८ ग्रॅमला मिनिटभर हात फिरवावा लागतो. दोन कपांना दोन मिनिटं. पाहुणे आले तर जरा घाम येईल, एवढंच. इलेक्ट्रिकमध्ये मिळतं ते मुख्यतः सुख, आणि मोठ्या चकत्यांमुळे चवीत थोडा फरक. तो फरक शिकाऊ माणसाच्या जिभेला पहिल्या वर्षात कळेल, याची मला खात्री नाही.

शिवाय तुम्ही समुद्रापासून ३०० मीटरवर राहता. याबद्दल माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. आमच्याकडे मुलीने हट्टाने इलेक्ट्रिक ग्राइंडर आणला होता, आकडे दाखवणारा, बटणांना हात लावला की टुणटुण वाजणारा. दुसऱ्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दोनदा लाइट गेले-आले आणि तो मेला. मेकॅनिकने उघडला तर आतल्या सर्किटवर हिरवट बुरशीसारखा थर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्याला. पाठवायचे ९५० रुपये, बोर्डाचे ५,२००, आणि सहा आठवडे वाट. परत आला तेव्हा गणपती होऊन गेले होते. तेवढ्या दिवसांत मुलगी मैत्रिणीचं हातयंत्र घेऊन आली आणि तिचं काही अडलं नाही. खाऱ्या हवेत ज्यात सर्किट नाही ते यंत्र जास्त टिकतं, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्या वरच्या अंगाला दापोली-श्रीवर्धनच्या बाजूला कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे आठवत असेलच. (अर्थात तेव्हा तुमचं मशीनही चाललं नसतं. पण पातेल्यात पाणी उकळून दळलेली कॉफी टाकता आली असती.)

तीन वर्षं, रोज दोन कप, म्हणजे २,१९० कप. इलेक्ट्रिकचा भार कपाला २१ रुपये, हातयंत्राचा ८. बियांचे ४३ दोन्हीकडे तेच. दुरुस्ती यात धरलेली नाही.

हप्त्याचं बोलू. ‘नो कॉस्ट’ हा शब्द गोड आहे. पण रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. होतं असं की बँक व्याज लावते आणि विकणारा तेवढी सूट आधीच देतो. बँकेचा दर १५ टक्के धरला तर ४६,००० मध्ये व्याजाचा भाग साधारण साडेतीन हजार. ती सूट तुम्हाला मिळते खरी, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर पडतो, ६३५ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरही जीएसटी. एकूण ८७० च्या आसपास. फार नाही. यात बुडाल असं मी म्हणणार नाही, महिन्याचा ३,८३३ चा हप्ता तुमच्या पगाराला झेपतोही.

मला खटकतं ते ‘आंब्याच्या पैशातून सहज फिटेल’. तुम्हीच आकडे दिलेत: गेल्या तीन वर्षांत सगळा खर्च जाऊन हातात आले ७०,०००, १,४०,००० आणि ५५,०००. यंदा मोहोर बरा आहे म्हणता. मोहोर मीही बघतोय. पण अवकाळी पावसाची एक सर, नाहीतर तुडतुडा, आणि मोहोर काळा पडायला चार दिवस पुरतात, हे गुहागरच्या माणसाला मी काय सांगू? कलमावरचा मोहोर दाखवून कार्डाचं बिल भरता येत नाही. आणि त्या बिलाची थकबाकी राहिली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं.

त्यापेक्षा आंब्याच्या पैशावर एकाच गोष्टीचा पहिला हक्क आहे, आईंचा आरोग्य विमा. कंपनीच्या पॉलिसीत फक्त तुम्ही आणि पत्नी आहात. ६८ व्या वर्षी हप्ता जड वाटेल हे खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा तरी दिलासा. आधीपासूनचे आजार असतील तर त्यांच्यासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुम्ही बीपीची गोळी लिहिलीय, म्हणजे ते घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. अर्जात ती गोळी लपवू नका.

आणि बचत खात्यातले ते ९०,०००. कर्जाचा हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च ४८,५००, म्हणजे दोन महिन्यांचीही सोय नाही. मी चिपळूणकर आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या ऑफिसातल्या फायलींचा लगदा झाला आणि दोन महिने उत्पन्न जवळपास बंद होतं. तेव्हा चार महिन्यांचे पैसे एफडीत होते म्हणून मी कुणापुढे हात पसरला नाही. तुमच्या बाबतीत सहा महिने, म्हणजे २,९०,००० च्या जवळ जायला हवं. एका दिवसात नाही.

पैसे कुठून? ७८,००० मधून हप्ता, एसआयपी आणि घरखर्च गेल्यावर तुमच्याकडे १७,५०० उरतात आणि पत्रात त्यांचा पत्ताच नाही. ते कुठे जातात ते बहुधा तुम्हालाही ठाऊक नाही. त्यातले ८,००० पगाराच्या दुसऱ्या दिवशी रिकरिंग डिपॉझिटमध्ये. ५,००० वेगळ्या खात्यात, त्याला ‘कॉफी’ असं नाव द्या. आता डिसेंबर आहे. चार महिन्यांत २०,००० जमतील, म्हणजे शिमग्याची पालखी नाचून झाली की पाडव्याच्या आसपास हातयंत्र रोखीच्या भावात घरी. उरलेल्यातून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. तो नसेल तर दळण कितीही नेमकं असलं तरी अंदाजपंचे.

पुढच्या वर्षी याच सुमाराला, रोज दोन कप चालूच असतील, हात फिरवायचा खरंच कंटाळा आला असेल आणि विमा भरून झाला असेल, तर इलेक्ट्रिकचा विचार करा. तेव्हा ‘घ्या’ म्हणायला मला अडचण वाटणार नाही. दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या झाल्या तर ग्राइंडर धंद्याच्या खर्चात दाखवता येईल, असं तुम्ही सुचवलंय. खोल्या झाल्यावर बोलू. तुमच्याकडे येणारा माणूस सोलकढी मागेल.

तोपर्यंत काय करायचं? पावडरीचं पाकीट आलं की त्याच दिवशी चार लहान घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरा आणि तीन फ्रीजरमध्ये टाका. बाहेर काढलेली बरणी पूर्ण साधी झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आपल्या हवेत आत दव धरतं. पश्चिम किनाऱ्यावर कॉफीच्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर तीन-चार महिने ठेवून फुगवतात, मॉन्सून्ड मलबार म्हणून ती नावाजलेली आहे. तुमच्या फडताळात होतं ते नुसतं सादळणं.

आता वहिनींच्या मुद्द्याला उत्तर. मिक्सरने एस्प्रेसो होणार नाही, तेव्हा त्या वादात तुम्ही जिंकलात असं समजायला हरकत नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की प्रयोग म्हणून दोनदा वाटणाच्या भांड्यात बिया फिरवल्या आणि दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या तिखल्याला कॉफीचा वास आला. ते मात्र ताबडतोब बंद करा.