जास्त वेळ पाहिलेली वस्तूच आवडलेली असते का?

आपण ऐरोलीहून विचारले आहे की, एम.ए.च्या प्रबंधासाठी पडद्यावर खाऊची दोन पाकिटे शेजारी शेजारी दाखवून लोकांच्या नजरेचा मागोवा घेतला, तर ज्या पाकिटाकडे त्यांनी जास्त वेळ पाहिले ते त्यांना अधिक आवडते असे धरता येईल का, आणि या कामाला लॅपटॉपचा वेबकॅम पुरेल का. मी ठाण्यात अशाच प्रयोगांचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तसे सरसकट धरता येणार नाही. मात्र ते का धरता येत नाही, यातच आपल्या प्रबंधाचा खरा विषय दडलेला आहे.

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला, तर त्याच्या रुंदीच्या आसपास, म्हणजे डोळ्यापाशी साधारण दोन अंशांच्या कोनात मावेल एवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतात, आणि माहिती घेतली जाते ती दोन उड्यांच्या मधल्या स्थिर क्षणांत. पाकिटावरच्या बारीक अक्षरांतल्या साखरेच्या आकड्यावर नजर एकदाही थांबली नसेल, तर तो आकडा त्या पडद्यावरून निर्णयात आला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. उलट दिशेने मात्र हा तर्क चालत नाही. अक्षरे दाटीची आहेत, रंग भडक आहे, किंमत पटत नाही, दोन्ही पाकिटे सारखीच हवीशी वाटतात, अशा कितीतरी कारणांनी नजर रेंगाळते. शिवाय पाहणाऱ्याला काय विचारले आहे यावरही नजरेची वाट ठरते. रशियन शास्त्रज्ञ यार्बुस यांनी चित्रकार रेपिनच्या एकाच चित्रासमोर माणसाला बसवून वेगवेगळे प्रश्न विचारले, तेव्हा प्रत्येक प्रश्नागणिक डोळ्यांचा माग बदलत गेला. म्हणून ‘कोणते घ्याल?’ आणि ‘कोणते नको?’ हे दोन्ही प्रश्न प्रयोगात ठेवा, असा माझा आग्रह आहे. नुसत्या पहिल्या प्रश्नावर आवड आणि निवड यांची गल्लत होते.

आता मुख्य मुद्दा. आवडते म्हणून आपण पाहतो हे खरे, पण पाहिल्यामुळेही आवड थोडी घडते. शिमोजो या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये लोकांना दोन चेहऱ्यांपैकी अधिक आकर्षक कोणता ते ठरवायला सांगितले, आणि निर्णयाच्या आधीच्या शेवटच्या क्षणांत नजर निवडल्या जाणाऱ्या चेहऱ्याकडे अधिकाधिक झुकत जाते असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी एक चेहरा 900 मिलिसेकंद आणि दुसरा 300 मिलिसेकंद असा आळीपाळीने दाखवला. जास्त वेळ दिसलेल्या चेहऱ्याकडे कल थोडा वाढला, पण केवळ डोळे त्या चेहऱ्याकडे वळवावे लागले तेव्हाच. 2010 मध्ये क्राइबिश, आर्मेल आणि रँगेल या संशोधकांनी खाऊच्या निवडीवर, म्हणजे आपल्या विषयाच्या अगदी जवळचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या गणिती प्रारूपात नजर एका वस्तूवर असताना तिच्या बाजूचे पुरावे पूर्ण वजनाने साठत जातात आणि दुसरीचे मोल साधारण तीस टक्केच धरले जाते. दोन वस्तू तुल्यबळ असल्या की निर्णयाला वेळ लागतो, आणि अशा वेळी शेवटची नजर कुठे पडली याला महत्त्व येते.

यातून आपल्या प्रयोगाची मांडणी ठरते. आधी प्रत्येक पाकीट एकेकटे दाखवून त्याला गुण द्यायला सांगा, आणि मगच जोड्या लावा. म्हणजे गुण सारखे असताना नजरेने किती फरक पाडला, हे वेगळे काढता येईल. डावी-उजवी बाजू न चुकता अदलाबदल करा. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांची पहिली नजर बहुधा डावीकडे जाते, आणि मराठी वाचकही त्यातच आले.

उपकरणाबद्दल. प्रयोगशाळेतला आय ट्रॅकर, म्हणजे नजरेचा माग काढणारे यंत्र, डोळ्यावर अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड) प्रकाश टाकतो आणि बाहुली व बुबुळावरचा चकाकीचा ठिपका यांतल्या अंतरावरून नजरेची दिशा काढतो. आपल्याकडच्या महिला सहभागींच्या बाबतीत एक अडचण हमखास येते: काजळ किंवा मस्कारा गडद असला, की यंत्र पापणीची काळी कडाच बाहुली समजते आणि पडद्यावरचा नजरेचा ठिपका उगाच थरथरत वर-खाली उड्या मारू लागतो. बोलावतानाच काजळ न लावता या असे नम्रपणे कळवावे. खिडकी पश्चिमेकडे असेल तर दुपारनंतर जाड पडदा हवाच, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात. कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्यावरच्या ठरावीक ठिपक्यांकडे पाहायला लावून यंत्र त्या डोळ्यांशी जुळवून घेणे, जमले नाही तर ते पुन्हा करावे. बिघडलेला डेटा नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येईल या भरवशावर पुढे जाऊ नये.

साधा वेबकॅम सेकंदाला तीसच्या आसपास चित्रे घेतो आणि त्याची चूक कित्येक अंशांची असू शकते. पाकिटावरची कोणती ओळ वाचली, हे तो सांगू शकणार नाही. मात्र दोन मोठी चित्रे पडद्याच्या दोन टोकांना ठेवली, तर नजर डावीकडे आहे की उजवीकडे, एवढे त्यातून समाधानकारक कळते, आणि आपल्या प्रश्नाला तेवढे पुरते. चेहऱ्याचे चित्रण साठवून न ठेवता फक्त नजर पडद्यावर कुठे होती त्याचे आकडे ठेवा आणि संमतीपत्रात तसे मराठीत स्पष्ट लिहा. सहभागी बिनघोर बसतात, आणि घाबरलेल्या माणसाची नजर सारखी कॅमेऱ्याकडे जाते तेही टळते.