ओपीजीत जबड्याची कड पातळ दिसली म्हणून डेक्सा सांगितलीय, करायची का?

हो, करा. आणि त्या डेंटिस्टवर उगाच संशय घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५८, इम्प्लांटसाठी ओपीजी काढला, तर डॉक्टर म्हणाले खालच्या जबड्याची कड पातळ वाटतेय, एकदा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. आणि आता घरात चर्चा अशी की दाताच्या डॉक्टरला हाडांचं काय कळतं, कमिशनचा प्रकार असणार. मी ओरल रेडिओलॉजीतली आहे, दिवसभर हेच फोटो वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओपीजी म्हणजे तो मोठा आडवा एक्स-रे, ज्यात दोन्ही जबडे एकदम येतात. त्यात खालच्या जबड्याच्या अगदी तळाला एक पांढरी पट्टी दिसते, ते कठीण हाड, कॉर्टेक्स. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, दाढांच्या थोडं पुढे, जबड्यातून नस बाहेर पडायचं छिद्र असतं (मेंटल फोरामेन), त्याच्या बरोबर खाली ही पट्टी कशी दिसते ते बघायचं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर राहत नाही आणि पट्टी आतल्या बाजूने खाल्ली जायला लागते. क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याचे तीन गट पाडले, आम्ही आजही तेच वापरतो. सी-१ मध्ये पट्टीची आतली कड एकदम सरळ, स्वच्छ. सी-२ मध्ये त्या कडेला अर्धचंद्रासारखे खड्डे दिसतात किंवा हाडाचे एकदोन पापुद्रे सुटल्यासारखे वाटतात. सी-३ मध्ये पट्टी वाळवी लागलेल्या लाकडासारखी, पापुद्रेच पापुद्रे आणि मधे भोकं. सी-३ एकदा बघितला की विसरत नाही. घोळ होतो तो सी-२ मध्ये, तोच फोटो दोन डॉक्टर वेगवेगळा वाचतात, कधीकधी एकच डॉक्टर महिन्याभराने वेगळा वाचतो.

दुसरी पद्धत म्हणजे पट्टीची जाडी मोजणं. युरोपात ऑस्टिओडेंट नावाचा मोठा अभ्यास झाला, अथेन्स, लुवेन, माल्मो आणि मँचेस्टर अशा चार ठिकाणी, ४५ ते ७० वयाच्या ६७१ बायकांचे दातांचे एक्स-रे आणि डेक्सा दोन्ही करून ताडून बघितलं. त्यातून साधारण असं धरलं गेलं की जाडी ३ मिमीपेक्षा कमी असेल तर पुढे तपासायला पाठवावं. पण कृपा करून मोबाईलवरच्या फोटोवर फूटपट्टी लावून मोजत बसू नका! ओपीजीत चित्र मुळातच मोठं होऊन येतं, प्रत्येक मशीनचं प्रमाण वेगळं, हनुवटी थोडी वरखाली झाली तरी आकडा बदलतो.

आता महत्त्वाचं. ओपीजीवरून ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, निदान होत नाही, कोणी केलं तर मानू नका. त्यावरून फक्त कोणाला डेक्साला पाठवायचं एवढंच कळतं. आणि उलटंही तेवढंच खरं, पट्टी छान जाड दिसली म्हणून हाडं मजबूत असा दाखला मिळत नाही, हाडं ठिसूळ असलेल्या बऱ्याच बायका या चाळणीतून निसटतात. म्हणूनच फक्त हाडं बघायला म्हणून कोणी ओपीजी काढू नये. दातासाठी काढलेलाच आहे तर त्यातली ही माहिती वाया घालवू नये, इतकंच माझं म्हणणं आहे. आपल्याकडे मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत बाईच्या हाडांकडे कोणी बघत नाही, पण दाढ दुखली की ती दवाखान्यात येतेच, मग तिथे आपण का नाही बघायचं?

दात हलतात म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असा एक समज आहे. पन्नाशीनंतर हलणाऱ्या दातांमागे बहुतेक वेळा पायोरिया असतो, त्यात दाताभोवतीचं हाड जातं, मी सांगतेय ती तळाची पट्टी वेगळी.

डेक्सा खुबा आणि कंबरेची करायची. मोफत शिबिरात टाचेला मशीन लावून जो आकडा देतात ती डेक्सा नाही, त्यावर औषध सुरू करू नका. टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपलं हाड किती घन ते सांगणारा डेक्साचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. जाताना डॉक्टरांना हे आठवणीने सांगा: पाळी कधी गेली, गर्भपिशवी काढलीय का आणि सोबत अंडाशयही काढलेत का, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड बरेच महिने घेतलंय का, साध्या पडण्याने हाड मोडलंय का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, आईच्या आईचा खुबा मोडला होता का. अंडाशयाचा प्रश्न मी मुद्दाम विचारते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तशा तरुण वयात ऑपरेशन झालेल्या बायका गावोगावी आहेत, आणि अंडाशयंही गेली असतील तर हाडांची झीज त्याच दिवसापासून सुरू होते, पन्नाशीची वाट बघत नाही.

आणि इम्प्लांटचं. डेक्सात ऑस्टिओपोरोसिस निघाला तरी इम्प्लांट होतच नाही असं नाही. फक्त क्रम सांभाळा. हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन ठरलं तर आधी डेंटिस्टला कळवा, काढायचे दात काढून घ्या, जखम भरू द्या, मग सुरू करा. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हे फारच कमी होतं, कॅन्सरच्या मोठ्या डोसला जास्त, तेव्हा घाबरून औषध नाकारू नका. आणि डेनोसुमॅब चालू झालं की कोणाच्या सांगण्यावरून मधेच बंद करू नका, ते अचानक थांबलं की मणके पटापट दबायची भीती असते, थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

रिपोर्ट आला की खुबा आणि कंबर दोन्हीचे टी-स्कोअर इथे टाका, आणि व्हिटॅमिन डी तपासलं असेल तर तेही.